खिडकीतली खिडकी

क्लाइपेदाच्या धान्य-गोदीत, वजनकाट्याच्या केबिनमध्ये
ग्राझिना एकसष्टाव्या वर्षीही रात्रपाळी करायची.
समोर आमचा जावातला प्रोग्रॅम,
राखाडी, चौकोनी, माझ्या आधीच्याच्या आधीच्यानं लिहिलेला.
जहाजाचा कागद यायचा पीडीएफ होऊन.
ती बटण दाबायची
आणि कागद उघडायचा दुसऱ्याच खिडकीत,
प्रोग्रॅमच्या पाठीमागे, गुपचूप.
आलाच नाही म्हणून ती पुन्हा दाबायची.
एकदा मी मोजल्या: अकरा खिडक्या
एकीमागे एक उभ्या,
आणि बाहेर काट्यावर गव्हाचा ट्रक,
हॉर्नवर कोपर टेकवून बसलेला ड्रायव्हर.

"आत घे की त्याला," ती म्हणाली. "बाहेर थंडी आहे."
कागदाला की ड्रायव्हरला,
मी विचारलं नाही.

मग एक तयार व्ह्यूअर आणला, फुकटातला,
आमच्या फ्रेममध्ये एक पॅनल रिकामं करून
त्याला तिथे नांदायला ठेवलं.
घरजावईच तो.
पहिल्या दिवसापासून स्वतःचा टूलबार,
स्वतःचा प्रिंटर, स्वतःचं सेव्ह,
आमच्या मेनूशेजारी आपला मेनू मांडून बसला.
एकेक करून सगळं काढून घेतलं.
उरला निमूट चौकोन, आणि पान.

पान यायला मात्र वेळ.
जो धागा खिडकी रंगवतो त्याच्याच गळ्यात
मी हेही काम बांधलं होतं.
चाळीस पानांचं बिल उघडताना
सगळी खिडकी पांढरीफटक,
बटणं दाबूनही न दाबल्यासारखी.
तेवढ्यात ग्राझिना सफरचंद सोलायची.
एकदा सालीची सबंध फीत न तुटता निघाली
तेव्हा मला कळलं, हे किती हळू आहे.
दुसरा धागा लावला.
साल अर्ध्यावरच राहू लागली.

फेब्रुवारीत पहाटे चारला फोन:
"मेला."
पायजम्यावर कोट चढवून गेलो. बर्फ आडवा येत होता.
उघडलेला एकही कागद मी मिटत नव्हतो.
दोनशे सात बिलं रात्रभर मेमरीत उघडीच,
कुणी घरची सगळी दारं सताड टाकून झोपावं तशी.
एक ओळ लिहायची राहिली होती, मिटण्याची.
ग्राझिनानं थर्मासमधला चहा ओतला.
"माझा नवराही कपाटं मिटत नसे," म्हणाली.
पुढे काही बोलली नाही.

शेवटी राहिलं एक अक्षर.
तिच्या नावातला झ,
आमच्या लिपीत डोक्यावर उलटी टोपी घालणारा,
रॉटरडॅमहून येणाऱ्या कागदावर,
वजन घेणाऱ्याच्या रकान्यात, यायचाच नाही.
ग्रा, चौकोन, इना.
ज्यानं कागद धाडला
त्यानं अक्षरांचे साचे सोबत दिले नव्हते,
आणि व्ह्यूअर अनोळखी अक्षराच्या हाती
रिकामी चौकट देऊन मोकळा.
"तीस वर्षं इथं आहे," ती म्हणाली, "चौकोन कधी नव्हते."
मी दुसऱ्याच फॉन्टातून एक झ उसना आणून बसवला.
जरा ठळक आला, शेजाऱ्यांपेक्षा अंगानं जाड.
ती पडद्याजवळ वाकली, बराच वेळ.
मग ओठ वर करून
मला आपला सोन्याचा दात दाखवला.
"राहू दे."

जूनमध्ये ती निवृत्त झाली.
आता तिथे येरोनिमास बसतो.
मागच्या खिडक्या त्याला ठाऊकच नाहीत:
पान चौकोनात येतं, ट्रक सुटतो.
परवा नव्या मुलीनं, ऊर्तेनं, विचारलं
एवढं एकच अक्षर वेगळ्या फॉन्टचं का,
आणि त्या ओळीवर ही टीप कसली?
टीप माझीच:
झ जाड येतो. ग्राझिनानं पाहिलंय.
काढू का, म्हणाली.

मी तिला दुसरंच काम दिलं.