आडवी येणारी झाडं

इंगव्हिल म्हणाली, झाड व्हा.
आम्ही सात जणी आणि कोपऱ्यात एइलिफ,
सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
बॅरेन्ट्स समुद्र, बर्फ, मासे वाळवायच्या रिकाम्या माच्या.
आमच्या बेटावर झाडं येतात ती आडवी,
सैबेरियातल्या नद्यांतून सुटलेली,
साल गेलेली, मिठानं पांढरी पडलेली.
आम्ही त्यांची कुंपणं करतो.

नोव्हेंबर संपत आलेला. सकाळचे अकरा,
म्हणजे निळा अंधार.
मोजे काढा, ती म्हणाली. लाकडी जमीन गार होती.

उभं राहणं मला काय शिकवतेस, मी मनात म्हटलं.
एकतीस वर्षं उभी होते फिलेटच्या टेबलाशी,
रबरी बुटांत, ओल्या सिमेंटवर,
कॉड, कॉड, हॅडॉक, कॉड.
तिनं विचारलं, वजन कुठल्या पायावर असायचं?
मला उत्तर येईना.
(उजव्या. नेहमी उजव्या.
डावा नुसता सोबतीला.)

मार्चमध्ये पोस्टाच्या पायरीवर घसरले.
मनगटात पट्टी, सहा स्क्रू.
तेव्हापासून जपून चालते,
आणि जपून चालणारा माणूसच जास्त धडपडतो.

भिंत हाताशी असू द्या.
तळवा घोट्याला टेकवा, अंगठा जमिनीवरच राहू दे.
जमलं तर पोटरीवर. कधीतरी मांडीवर, आतून.
गुडघ्यावर कधीच नाही :
ती बिजागरी आहे, एकाच बाजूला उघडते,
दाराला कडेनं ढकलू नका.
उभा पायही ताठ कोंबू नका.
नजर एका जागी. श्वास चालू.
तोर्दिस, तुझं ब्लडप्रेशर. हात छातीशीच ठेव.
गरगरलं तर बसायचं,
आणि बसल्याबद्दल कुणी माफी मागायची नाही.

मी नजरेसाठी एक खिळा निवडला,
पूर्वी तिथं शाळेचं घड्याळ असायचं.

एइलिफ तीन वेळा कोसळला.
त्रेचाळीस वर्षं ट्रॉलरवर,
वादळात कॉफीचा थेंब न सांडणारा माणूस.
जमीन हलत नाहीये, त्यानं तक्रार केली.
हलतेय की, इंगव्हिल वाकून म्हणाली,
तुझ्या घोट्यात. बघ.
आम्ही सगळ्या बघायला गेलो.
त्याच्या पांढऱ्या पावलात बारीक बारीक काहीतरी
थरथरत होतं, जाळ्यात अडकल्यासारखं.
ही चूक नाही, ती म्हणाली, हे काम चाललंय.

तरी भिंत धरायला तो लाजायचा.
मग तोर्दिसनं आठवण दिली :
पाद्रीबाबांच्या घरामागं एक रोवन आहे की!
कमरेएवढं. दर हिवाळ्यात पोत्यांत गुंडाळलेलं.
गावातलं एकुलतं एक उभं झाड,
तेही भिंतीला टेकूनच जगलंय.
पुढच्या मंगळवारी एइलिफ भिंतीपाशी आला,
काही न बोलता.

काय मिळालं, माझी मुलगी फोनवर विचारते.
पलंगावर न बसता पॅन्ट चढवता येते.
बर्फावर पाऊल टाकलं की ते
डोक्याला न विचारता स्वतःच सावरतं.
पाठ जरा कमी बोलते.
मनगट थंडीत दुखतं, ते दुखतंच.
तोर्दिस फेब्रुवारीत पडली,
पण बसकी पडली, आणि हसत सांगत आली.
एइलिफ दात घासताना एका पायावर असतो,
दुसरा हात बेसिनला.
कुठं बोलावलं की यायला तो आधी कुरकुरायचा,
आता खरोखर एका पायावर तयार.
आणि डावा पाय. एकोणसत्तराव्या वर्षी
आमची ओळख झाली.

पण मधलं एक राहिलं.
जानेवारीत, दोन महिन्यांनी सूर्य आला तो दिवस.
आम्ही उभ्या होतो, प्रत्येकीचा एक पाय वर,
आणि उजेड खिडकीतून आडवा आत शिरला.
मागच्या भिंतीवर आठ सावल्या,
लांब, एकेक खोडाच्या,
काही डुलणाऱ्या.
माझा खिळा उजेडात दिसेनासा झाला.
मी हलले, भिंतीला बोट लावलं, पुन्हा उभी राहिले.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग इंगव्हिल म्हणाली,
आता दुसरा पाय.