जास्त

नारीनला आज उणे बावीस.
शेगडीला खेटून बसलेल्या वर्गाला
मी गणित वाचून दाखवते :
तेमिरलानकडे खेळायची आठ हाडकं,
आयझिरेकपेक्षा तीन जास्त.
तिच्याकडे किती?

‘अकरा!’
‘जास्त’ ऐकलं की
सगळी बोटं बेरजेला धावतात.

वजा करा, मी म्हणते.

बेगायिम मान हलवते.
‘कोणी घेतलीच नाहीत, बाई.
हरवली नाहीत, डावात हरली नाही ती.
मग वजा कशी?’

मला सांगता येत नाही.
नमद्यावर मेंढीची हाडकं मांडते,
दोन रांगा, समोरासमोर,
जोडीला जोडी.
तीन उरतात. त्यांच्यासमोर नुसता नमदा.

त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवत
बेगायिम मोजते :
एक, दोन,
तीन.

‘असं होय,’ म्हणते,
‘नसलेली मोजायची.’