सांधणी

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागे,
रंगाचं पाणी जिथं नाल्यात उतरतं
आणि नाला आठवड्यातून तीनदा कपडे बदलतो,
सोमवारी निळा, गुरुवारी डाळिंबी,
तिथं एक बाभूळ आहे.
देऊळ नाही. शेंदराचा दगडही नाही.
पानं कमी, चिंध्या जास्त.

टॉवेलच्या किनारी, चादरीच्या दशा,
गणवेशाच्या कॉलरमागची पट्टी, साईज बत्तीस,
कुणाचं हॉल तिकीट, झेरॉक्स,
प्लास्टिकच्या पिशवीत, भिजू नये म्हणून.
मिलच्या पीएफचा कागदही एकदा बघितला.
मिल बंद होऊन किती वर्षं झाली
ते त्या कागदाला कुणी सांगितलं नव्हतं.

या झाडाला तेलुगू कळतं, कानडी कळतं,
शेजारच्या मैमूनाआपांचं उर्दू कळतं,
मराठी तर कळतंच.
लिहिलेलं कळतं का,
यावर लोकांत दोन मतं आहेत.

मी सांधणीवाला. भूमय्या चिलवेरी.
संपलेल्या ताण्याचं टोक, नव्या बीमचं टोक,
अंगठा, तर्जनी, चिमूटभर राख, पीळ.
दिवसाला तीन हजार तरी.
माझा सांधा फणीतून सरकतो
तेव्हा कुठं एक सरलं, कुठं दुसरं लागलं
मागालाही कळत नाही.
तोच मी त्या दिवशी इथं
एक गाठ मारायला तीनदा चुकलो.
काटा बोटात. रक्त चिंधीला.
मैमूनाआपा म्हणाल्या,
चांगलं झालं की ओ, सही झाली.

पोरगी पाच वर्षांची. बोलत नव्हती.
ऐकायची सगळं. माग थांबला की वळून बघायची.
डॉक्टरांनी पुण्याचा पत्ता दिला होता.
पुण्याच्या आधी बाभूळ लागते.

बोलली. पुढच्या उन्हाळ्यात.
कडक भाकरी, शेंगाचटणी,
अंबूनं घास केला, तोंडाशी नेला,
आणि पोरगी म्हणाली, वद्दु.
नको.
आम्ही दोघं तो घास तसाच धरून बसलो.
कुणी नको म्हटल्यावर इतका आनंद
आयुष्यात झालेला आठवत नाही.

रीत अशी, की फिटलं की यायचं, एक गाठ सोडायची.
आपली सापडत नाही. ऊन सगळं खातं,
वर्षभरात सगळ्यांचं मागणं
एकाच धुरकट रंगाचं होतं.
मग हात लागेल ती.
सुटते कुणाची, फिटतं कुणाचं,
हा हिशोब झाडाकडे.
लोखंड लावायचं नाही.
खिशातली कात्री चपलांपाशी ठेवली.

हात लागला तो विडीच्या दोऱ्याला.
गुलाबी. तीन वेढे, शेवटचा आत खोचलेला.
वीस वर्षं हा वेढा बघतोय मी,
दारात, मांडीवर सूप, रोज हजार वेळा.
पण विडी घरकुलात सगळ्यांचाच हात असा.
अंबूचाच कशावरून?
आणि तिचाच असेल
तर काय मागितलं तिनं, मला न सांगता?
आणि मी सोडला
तर ते फिटेल का सुटेल?

नखांनी निघेना. दातांनी काढला.
जिभेवर तंबाखू आली.

घरी विचारलं. म्हणाली, मी? कधी?
मान वर केली नाही, पानं कापत होती.
कात्री एकदा थांबली.
मग परत चालू.

दोरा टाकवेना.
टाकायची रीत आहे का, तेही कुणी सांगितलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी बीमवर एक ताणा तुटका निघाला,
तिथं सांधला. वीतभर.
जॉबर म्हणाला, हे गुलाबी काय बे?
म्हटलं, चालतंय.
चादर गेली. कुठं गेली, माहीत नाही.
असेल कुणाच्या तरी गुडघ्यावर,
रात्री बोटाला लागेल ती जागा, थोडी जाड.

पोरगी आता दिवसभर बोलते.
काल म्हटलं, गप की गं जरा.
म्हणाली, वद्दु.