पानथरी

भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
तिच्याखाली रैनू हिचामी, पुरुष, वय चोवीस,
आणि तरीही सुलभा सिस्टर रजिस्टर उघडून विचारतात,
एफ फॉर्म भरायचा का, मॅडम?
हात सवयीचा गुलाम.

जेल थंड लागेल, मी सांगते.
त्याचं लक्ष नाही. डावा खांदा गच्च धरलाय त्यानं,
खांद्याला काहीच झालेलं नाही.

पडलास का कुठं?
नाही जी.
कोणी मारलं? बैलानं ढुसणी दिली?
नाही जी.
मागून त्याची बायको, रुपी, माडियात
बराच वेळ काही सांगते, हात हलवून,
आणि चिन्नूबाई, आमची आशा, त्याचं मराठी करते:
ताप होता. शिंकला.

बस.
एक शिंक.

कॉलेजात मी प्लीहा शिकले, रिपोर्टात स्प्लीन लिहिते.
इथली म्हातारी माणसं म्हणतात पानथरी.
निरोगी असली की बरगडीआड असते, हाताला लागत नाही.
हिची मात्र हिवतापात फुगत फुगत
बेंबीकडे निघालेली,
जास्त पिकलेल्या टेंभरासारखी,
साल कुठंतरी उकललेली.

पडद्यावर पाणी काळं दिसतं.
रक्तही काळंच.
मशीनला त्यातलं काही कळत नाही.

गडचिरोली शहाऐंशी किलोमीटर, मधला पूल पाण्याखाली,
फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या.
नाडी बरी आहे, बीपी टिकून आहे, म्हणाले डॉ. बोरकुटे,
थांबून बघू.
थांबायचं म्हणजे दर सहा तासांनी
तीच जागा, तोच कोन, पुन्हा थंड जेल.

रात्री नऊ: दोन पूर्णांक आठ सेंटीमीटर.
रात्री तीन: तीन पूर्णांक एक.
लिहून घेतलं आणि वीज गेली.
जनरेटर खोकत सुरू होईपर्यंत
मी प्रोब त्याच्या पोटावर तसाच धरून उभी,
हात काढला तर काही सांडेल अशी.
सकाळी नऊ: तीन पूर्णांक एक.
मी तो आकडा दोनदा मोजला
आणि कॅन्टीनमधून चहा मागवला, सगळ्यांसाठी.

दुपारी रुपीनं पडद्याकडे बोट केलं.
उन्हाळ्यात याच टेबलावर तिनं
स्वतःच्या पोटातलं हलतं काहीतरी पाहिलं होतं.
चिन्नूबाई हसू दाबत म्हणाली,
मॅडम, ती विचारते, ह्याच्यात पोरगं आहे का?
रैनूला हसू फुटलं.
हसू नको, मी ओरडले,
हसायचं नाही अजिबात!
तसा तो घाबरला, आणि त्याची बायकोही,
आणि मला कितीतरी वेळ
माझाच आवाज खोलीत ऐकू येत राहिला.

पाचव्या दिवशी काळ्यात करडं उतरलं.
बांधीतलं पाणी आटताना
खालचा गाळ दिसायला लागतो, तसं.
बाविसाव्या दिवशी घरी सोडला.
ओझं नको, सायकल नको, झाडावर चढू नको.
शिंकेचं काय सांगणार?

दीड महिन्यानं आला, जीपच्या टपावर बसून.
मी रागावले. तो खाली बघत राहिला.
टेबलावर चढता चढता थांबला,
नाक चोळलं,
दोन्ही हातांनी डावी बाजू घट्ट धरली
आणि शिंकला.

सुलभा सिस्टरांचं पेन थांबलेलं.
रुपी दारात.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.

झोप, मी म्हणाले.
जेल थंड लागेल.