पाच इंच

टीज नदीच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडक्यांखाली आम्ही अकरा मुली
निळसर, खळ दिलेल्या तागावर
पुरुषांनी काढलेल्या रेघा शाईने गिरवायचो.
शिंक येतेय वाटलं तर आधी लेखणी उचलायची,
एवढंच शिकवलं होतं मला, विनिफ्रेड गार्बटला.

जहाज मुळात देवमासे मारणाऱ्या बोटीचं.
तेच बुटकं अंग, तेच आखूड नाक,
एकच पंखा, आणि जुन्या वळणाचं वाफेचं इंजिन,
कुठल्याही आडगोदीतला लोहार डोळे मिटून जोडेल असं.
घाई होती. अटलांटिकात रोज
गव्हाची, तेलाची, लाकडाची जहाजं बुडत होती,
आणि त्यांना राखायला हीच.

नावं मात्र फुलांची. हिचं टॅन्सी:
रुळांच्या कडेला उगवतं ते. पिवळं, कडू.

भटारखाना मागे, खलाशांची जागा पुढे.
मधे उघडा डेक.
नकाशावर पाच इंच.
फुटाला इंचाचा आठवा भाग, हे प्रमाण मला पाठ होतं.
चाळीस फूट म्हणजे काय, ते नव्हतं.

ते कळलं बेचाळीसच्या मार्चात,
शेजारच्या एल्सीचा भाऊ रजेवर आला तेव्हा.
अ‍ॅम्ब्रोझ थर्कल, टॅन्सीवरचा आचारी.
कप दोन्ही हातांनी धरायचा,
आमची फरशी हलत असल्यासारखा.
म्हणाला, दवावरसुद्धा डुलेल ती.
म्हणाला, रश्श्याचा टोप घेऊन दारात थांबायचं,
लाटा मोजायच्या, दोरी धरायची, पळायचं.
पोचेपर्यंत रस्सा अर्धा, त्यातला अर्धा समुद्र.
पोरं खातात. बोलत नाहीत.
वरून मीठ लागत नाही एवढंच.

मग बशीकडे बघत:
ह्यूगिल नावाचा पोरगा होता. सतराचा.
पाव नेत होता. लाटा मी मोजत होतो.
पाच बरोबर मोजल्या.

कोणी काढला असेल गं तो नकाशा?
त्याला एकदा जेवायला बोलवायचंय.

मी साखर पुढे केली.

दुरुस्तीचा नकाशा आला तो पानगळीत:
पुढचा डेक मागे वाढवा, वाट छपराखाली घ्या.
मी तो मागून घेतला.
शिंक आली नाही, तरी लेखणी दोनदा उचलली.
मग त्या पाच इंचांवर एक रेघ ओढली,
आणि ती वाळेपर्यंत
तिच्यावर फुंकर घालत बसले,
गरम रश्श्यावर घालतात तशी.

युद्धानंतर टॅन्सी नॉर्वेजियनांनी घेतली,
तोफा उतरवल्या,
आणि धाडली दक्षिणेला, देवमाशांमागे.
माझी रेघ असेल तिथे, बर्फाखाली, गंजत.

अ‍ॅम्ब्रोझ आता स्टॉकटनला पाव भाजतो.
शनिवारी मी जाते. त्याला अजून सांगितलेलं नाही.
तो पाव कागदात गुंडाळतो,
गल्ल्यामागून बाहेर येतो,
आणि दारापर्यंतची चार पावलं
पाव छातीशी धरून, रस्त्याकडे बघत,
स्वतः आणून देतो.