न मारलेली

तुफूल घमेल्यातून सुके तारले ओतते
आणि हमरा मान खाली घालते.
उंटीण मासे खाते, हे मी घरी फोनवर सांगितलं
तर आई म्हणाली, काहीतरीच.
आमच्या भाषेत उंट येतो तो शेळ्या हाकायला,
नाहीतर वर एखादा शहाणा बसवायला.
इथे, ढोफारच्या किनाऱ्यावर,
धुकं यायच्या आधीचे कोरडे महिने
तो तारल्यांवर काढतो
आणि दुधाला किंचित समुद्र लागतो.

मी हाडं मोजायला आले आहे.
खाडीकाठच्या राखेत
शिंपले, कासवाची पाठ, आणि उंटांचे पाय,
आजच्यापेक्षा बोटभर जाड.
सगळे मारलेले.
तिवरांची पानं ओरबाडायला आलेले,
कुणाच्याच खुणेचा डाग अंगावर नसलेले.
वरच्या थरात हाडं बारीक होत जातात
आणि म्हाताऱ्या माद्या सापडू लागतात.
म्हणजे कुणीतरी त्यांना
म्हातारं होऊ दिलं.

दोन थरांमध्ये चार बोटं वाळू.
त्यात काय झालं, कुठेच लिहिलेलं नाही.
मला वाटतं, आई मारल्यावर
पिल्लू मांसामागोमाग चालत तळावर आलं असेल.
हाकललं तरी गेलं नसेल.

त्याच्याही फार आधी हे कूळ बर्फात होतं म्हणे,
दुसऱ्याच खंडात,
रुंद तळवे हिमासाठी,
मदारीतली चरबी महिनोन्‌महिन्यांच्या रात्रीसाठी.
थंडीची शिदोरी घेऊन निघालेलं जनावर
उन्हात येऊन ती सोडतं आहे.
तुफूलला सांगितलं.
ती म्हणाली, मग हिला थंडी का वाजते?
आणि हमराच्या पाठीवरचं गोणपाट नीट केलं.

संध्याकाळी ती एका पायावर उभी राहते,
दुसरा गुडघा दुमडून, त्यावर भांडं.
दोन सडं बांधलेली, ती पिल्लाची.
पिल्लू हुंगल्याशिवाय हमरा पान्हा सोडत नाही.
भांड्यात फेस चढेपर्यंत कुणी बोलत नाही.

"रानातले कुठे आहेत आता?" तिने विचारलं.
नाहीत, म्हटलं. एकही नाही.
या जातीचे सगळे कुणाचे ना कुणाचे.
तिने भांडं माझ्या हातात दिलं.
"हिला सांगू नकोस."

रात्री हमरा दाव्याला नव्हती.
तुफूल उठलीसुद्धा नाही.
खाडीवर गेली असेल, येईल.

सकाळी मी ताडपत्री उचलली.
काल कुंच्याने झाडून ठेवलेल्या
त्या चार बोटं वाळूवर
दोन नखांचा एक ताजा ठसा,
कडेला तिवराचं चावलेलं पान.

पुसायच्या आधी मोजला.
बोटभर लहान.
वहीत कुठल्या थराखाली लिहावा, कळेना.