नळाखालची लंका

आम्हां सगळ्यांना ती आठवते
कन्याकुमारीच्या बरोब्बर खाली,
ओळंबा सोडावा तशी.
नळाखाली तांब्या, टिपणीसबाई म्हणायच्या,
देश ठिबकतो, लंका झेलते.

लष्करातली आमची मराठी शाळा,
भिंतीवर छिद्दीलाल पेंटरचा भारत, ऑइलपेंटमधला.
खिडकीतून किल्ला दिसायचा, म्हणून उत्तर तिकडे.
दिशांविषयी आमच्यात कधी दुमत नव्हतं.

यंदा पन्नास वर्षांनी जमलो महाडिकांच्या गच्चीवर
तर पागनीसच्या नातवाने पुस्तक उघडून दाखवलं:
आजोबा, लंका बाजूला आहे. उजवीकडे.
खाली नुसतं पाणी.
क्षणभर कुणी गजक चावली नाही.

मग शोध.
शरयूने माळ्यावरून भावाचा अ‍ॅटलस काढला,
अडुसष्ट सालचा. उजवीकडे.
इंगळे म्हणाला, नंतर सरकवली असेल,
आणीबाणीत काय काय सरकवलं.
पण अडुसष्ट, शरयू म्हणाली.
इंगळे म्हणाला, तुझा भाऊ पहिल्यापासून तसलाच.
कुणाकडे पेन्सिलीला टोक काढायचा ग्लोब निघाला;
अंगठ्याने घासून घासून
त्याच्या हिंदी महासागराचा पत्रा झालेला.

शेवटी वर्गाचा फोटो.
मागे दक्षिण निमुळती होत आलेली
आणि जिथे लंका असायला हवी
तिथे पागनीसचं डोकं, तेल लावून चापून बसवलेलं.
सरक की रे, शरयू फोटोला म्हणाली.
मी फोटोत नाही.
त्या दिवशी आजारी असणार.

छिद्दीलालचा मुलगा नई सडकवर फ्लेक्स छापतो.
‘दाएँ हाथ पे दरवाज़ा पड़ता होगा,
बाबूजी तो जगह देखके बनाते थे.’
इतकं सोपं उत्तर
कुणालाच आवडलं नाही.

शाळेत गेलो. दार उजवीकडेच होतं.
पागनीसने रुपयाच्या नाण्याने भिंत खरवडली,
गुलाबी, त्याखाली पिवळा, त्याखाली चुना,
आणि चुन्याखाली निळं!
टाळ्या.
शिपाई म्हणाला, पूर्वी सगळ्याच वर्गांना
कमरेपर्यंत निळा पट्टा होता.
तो परत एकदा म्हणाला,
मग स्टूल उचलून निघून गेला.

मी तेव्हा ऑफिसात, जुनी रजिस्टरं चाळत.
तीस वर्षं डाकघरात शिक्के मारले,
कुठलाही कागद आला की नजर आधी तारखेवर.
चुन्याचं बिल, रुपये एकोणीस, सर्व वर्ग: मे पंच्याहत्तर.
माझं नाव, उज्जैनहून दाखल:
जुलै पंच्याहत्तर.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

म्हणजे मी जेव्हा या वर्गात आले
तेव्हा भिंत पांढरी होती.
मग ही हाक कुणाची, मंदाकिनी, लंका दाखव,
आणि मी वाकले होते ते कशासाठी
(वाकावं लागायचं, इतकी ती खाली होती),
आणि बोटाच्या टोकाला हा गारवा
कुणाच्या बोटाचा?
शरयूच्या, बहुतेक.
मधल्या सुट्टीत तिने मला काय काय दिलं असेल
चिंचेबरोबर.

रजिस्टर मिटलं.
वर्गात सगळे त्या निळ्या ठिपक्याभोवती उभे,
लग्नघरात बाळ बघायला उभे राहतात तसे.
ये ना, हात लाव, म्हणाले.
लावला.
गार होतं.

रात्री घरी.
तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड येतं,
जाताना नळ ठिबकत राहतो.
खाली तांब्या असतोच.
मी तो चार बोटं उजवीकडे सरकवला,
अ‍ॅटलसमध्ये आहे तसा,
आणि दिवा मालवला.

थेंब फरशीवर पडत राहिले,
एक, मग बऱ्याच वेळाने
एक.